मल्लेशम, तुझ्या कार्डावरच्या तेरा फेऱ्या

मल्लेशम, काल तुझा दहावा झाला. लोक तुझ्याविषयी चांगलं बोलत होते आणि ते ऐकायला तू नव्हतास, ही मला तुझीच चूक वाटली. तू असतास तर मागून माझ्या कानाशी येऊन विचारलं असतंस, "हा कोण बे? मी असताना कधी ओळख दाखवली का यानं?" मग मी हसू दाबलं असतं, ते नाकातून बाहेर आलं असतं आणि लक्ष्मीवहिनींनी आपल्या दोघांकडे एकदमच डोळे वटारले असते. तसं काही झालं नाही. मी दोन तास गंभीर चेहऱ्यानं उभा होतो. इतका वेळ गंभीर मी कामगारांच्या नाटकात राजाचं काम करतानासुद्धा राहिलेलो नाही.

मलाही चार शब्द बोलायला सांगितलं. बोलायला सांगितल्यावर हा शिंदे नाही म्हणाला, असं तुझ्या-माझ्या ओळखीत कधी घडलं नव्हतं. काल घडलं. जे बोलायचं होतं ते त्या मंडळींपुढे बोलण्यासारखं नव्हतं. ते आधी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सांगायचं होतं, आणि त्याच्याही आधी तुला.

तुला आठवतं, बाई पहिल्यांदा मिलच्या कँटीनमध्ये आल्या तो दिवस? आणीबाणी उठली त्याच साली. तिशीतल्या बाई, चष्मा कपाळावर चढवलेला आणि तोच चष्मा टेबलावर शोधत होत्या. आपल्या कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यातल्या दमवाल्यांना त्यांनी गोळा केलं होतं. वीस वर्षं कापसाची भुकटी ओढून आपल्या सगळ्यांची छाती एकाच मापाची झाली होती. आधी नुसता सोमवारचा त्रास असायचा. रविवारी सुट्टीत बरं वाटायचं आणि सोमवारी मशीन सुरू झालं की छातीवर कुणी गाठोडं ठेवावं तसं. पुढे पुढे आपले सगळेच वार सोमवार झाले.

बाई म्हणाल्या, "मला एक प्रयोग करायचाय."

मी विचारलं, "किती अंकी?"

सगळे हसले. तू नाही हसलास. तू ऐकत होतास. बाईंनी समजावून सांगितलं. अशा आजारात माणसाला बसून राहा म्हणतात, पण काही डॉक्टरांना वाटतं की बेतानं चालायला लावलं, श्वास सोडायला शिकवलं, तर माणूस सुधारतो. खरं काय ते बघायचं. अर्ध्यांना नुसतं औषध, अर्ध्यांना औषध आणि चालणं. सहा महिने. आधी आणि नंतर प्रत्येकानं दवाखान्याच्या व्हरांड्यात बारा मिनिटं चालायचं आणि किती फेऱ्या झाल्या ते कार्डावर लिहायचं. कोण कुठल्या गटात, ते बंद पाकिटातून निघणार. "मी माझ्या मनानं गट पाडले तर धडधाकट माणसं चालायला घेईन आणि मग चालण्याचंच कौतुक होईल," त्या म्हणाल्या. फेऱ्या मोजणारा माणूससुद्धा त्या मुद्दाम परका आणणार होत्या. कोण कुठल्या गटातला ते त्याला ठाऊक नको, म्हणजे तो कुणाला झुकतं माप देणार नाही.

तू हात वर केलास. "आणि ज्याला चालायचं पाकीट नाही आलं, त्याचं काय?"

"सहा महिन्यांनी उपयोग होतोय असं दिसलं, तर त्यांनाही सगळं शिकवणार."

"शब्द?"

"शब्द."

"मग माझापण शब्द," तू म्हणालास आणि जाऊन बसलास. बाईंनी चष्मा खाली ओढून तुझ्याकडे नीट बघितलं. मला तेव्हाच कळलं, हा माणूस त्यांच्या प्रयोगाचा नायक होणार आणि मला नेहमीसारखं विनोदी पात्र मिळणार.

पाकिटं उघडली. तुझ्यात चालणं, माझ्यात नुसतं औषध. मी आनंदानं तिथंच बाकावर आडवा झालो. सहा महिने बसून राहायचं आणि तेही विज्ञानासाठी.

पण ते सहा महिने काय होते, मल्लेशम. रोज संध्याकाळी अक्कलकोट रस्त्याच्या तोंडाशी ते पत्र्याचं हॉटेल, बाहेर बाकडं, बाकड्यावर मी. तू कुंभारीच्या बाजूला चालत निघायचास. सुरुवातीला विजेच्या तिसऱ्या खांबाला थांबायचास, खांबाला हात टेकून. मी इथून ओरडायचो, "मंडळी, नायक थकला, पडदा पाडा." तू मागं न बघता हात झटकायचास. कधीकधी मी तुझी चाल करून हॉटेलवाल्याला दाखवायचो. डावा पाय जरा बाहेर, एक हात कमरेवर, वळायच्या आधी घसा खाकरणं आणि मग समोर जे असेल, खांब, भिंत, झाड, त्याला तळहात लावून वळणं. तू मशीन बंद करताना त्याच्या अंगाला जसा हात लावायचास, तसाच. हॉटेलवाला म्हणायचा, "शिंदे, तोंड झाकलं की मल्लेशमच हाय की."

शिकवलंस मात्र तू मला काहीच नाही. पहिल्या गटानं दुसऱ्याला व्यायाम दाखवायचा नाही, ही बाईंची अट होती आणि तू ती अशी पाळलीस की जणू सरकारी गुपित आहे. एकदा मी तुझ्या साखर पेठेतल्या घरी आलो, तर तू जमिनीवर उताणा, पोटावर वाळूची पिशवी, आणि ओठ शिट्टी मारल्यासारखे करून हळूहळू फुंकर सोडतोयस. मला बघून तू टुणकन उठलास, पिशवी घरंगळली.

"काय करत होतास?"

"काही नाही. तू बघू नको."

"अरे, मी काय पोलिसांत सांगणार आहे?"

"तुला दाखवलं, तर तू करणार. तू केलं, तर तूपण सुधारणार. मग बाईंना फरक कुठं दिसणार बे?"

आतून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी बघितलेलं चालतं, तुम्ही बघायचं नाही म्हणे. लई मोठा डॉक्टर झालाय."

मी खिडकीतूनही डोकावून पाहिलं. तू खिडकीला चादर लावलीस.

तिसऱ्या खांबाचा पाचवा झाला, पाचव्याचा नववा. पावसाळा संपेपर्यंत तू वळणाच्या पलीकडे जायला लागलास, जिथं मला दिसत नव्हतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, म्हणून आज सांगतो. तू त्या वळणाआड गेलास की बाकड्यावर माझा चहा गार व्हायचा. मित्र बरा होत होता, याचा आनंद होता. खरंच होता. पण त्या आनंदात एक खडा होता. आपण एकाच खात्यात छाती घालवली, एकाच दिवशी पाकिटं उघडली, आणि आता तू मला न घेता कुठंतरी पुढे जात होतास.

मग शेवटच्या मोजणीचा दिवस आला. माझी आठवड्यापूर्वीच झाली होती, दुसऱ्या मोजणाऱ्यापुढे, तेरा फेऱ्या. सहा महिन्यांपूर्वीही तेराच. तुझ्या पहिल्या वेळी चौदा होत्या, आणि आता तू बावीसच्या खाली येणार नाहीस अशी आपली पैज लागली होती. त्या दिवशी सकाळी कुर्डुवाडीहून तार आली. तुझ्या मुलीचं बाळंतपण अडलं होतं. तू गाडी पकडायला निघालास आणि स्टेशनच्या पायरीवर मला म्हणालास, "बाईंना सांग, मल्लेशम येणार, पण आज नाही. दुसरी तारीख माग."

एवढंच सांगितलं होतंस. दुसरी तारीख माग.

मी गेलो. व्हरांड्याच्या भिंतीवर कागद लावला होता, गैरहजर राहणाऱ्याचं नाव कमी होईल. बाई वॉर्डात होत्या. मोजणीच्या वेळी त्या मुद्दाम लांब राहायच्या. टेबलापाशी मोजणीला आणलेले मिरजेकडचे एक पोक्त गृहस्थ, हातात थांबवायचं घड्याळ. ते ना तुला ओळखत होते ना मला. त्यांनी तुझं कार्ड बघितलं आणि विचारलं, "तुम्हीच का?"

आता मला सांग, आपल्याकडे काय करतात? वीस वर्षं मी हेच बघितलं. कुणाला अडचण आली, त्याच्या मशीनवर बदली उभा राहतो. खातं थांबत नाही, मशीन कुणाच्या हातानं चाललं ते कुणी विचारत नाही, हजेरी भरली की झालं. तुझ्या जागी मी कितीदा उभा राहिलो आणि माझ्या जागी तू. तेव्हा माझ्या तोंडातून जे निघालं, त्यात मला काही वाकडं दिसलंच नाही.

मी म्हणालो, "व्हय, मीच मल्लेशम."

आणि नुसता चाललो नाही, तर तू होऊन चाललो. पाय बाहेर, हात कमरेवर, टोकाला पोचलं की घसा खाकरायचा, भिंतीला तळहात. एकदा तर मी त्या गृहस्थांना तुझ्यासारखं मराठीत सुरू करून तेलुगूत संपणारं वाक्यही ऐकवलं. त्यांनी कौतुकानं मान हलवली. लई मजा आली. चौथ्या-पाचव्या फेरीला दम लागला तेव्हा सांगता आलं असतं, की साहेब, माफ करा, मी तो नव्हे. पण नाटक रंगात आलं होतं. ते म्हणाले, "तेरा." मी तुझ्यासारखाच नमस्कार केला आणि बाहेर आलो.

तू तिसऱ्या दिवशी परत आलास, आजोबा होऊन. पेढे आणलेस. हॉटेलात मी सगळा प्रसंग करून दाखवला, दोन्ही भूमिका. तू टेबलावर हात आपटून हसलास, डोळ्यांतून पाणी आलं तुझ्या. मग ते पुसता पुसता विचारलंस, "किती?"

"काय किती?"

"फेऱ्या बे."

"तेरा."

पेढ्याचा अर्धा तुकडा तू परत पुडीत ठेवलास. तुझा तो हात मला अजून दिसतो.

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू रागावलास की तेलुगूत शिरायचास. त्या दिवशी एवढंच म्हणालास, "कादु रा, कादु." नाही रे, असं नाही. मग मराठीत, "मशीनवर बदली चालतो. छातीला बदली कसा उभा राहील?"

पुढे बाईंनी सगळ्यांना बोलावून निकाल सांगितला. चालणाऱ्या गटात बहुतेकांना गुण आला होता. एकाला मात्र आला नव्हता, उलट एक फेरी कमी भरली होती. नाव त्यांनी घेतलं नाही, पण नंतर तुला बाजूला घेऊन इतक्या मायेनं सांगितलं, की मला जमिनीत जावंसं वाटलं. "तुमचा दोष नाही, मल्लेशम. काहींना लागू पडत नाही. फार ताण घेऊ नका."

तू खाली बघून "बरं बाई" म्हणालास. रोज बारा खांब चालणारा तू.

तेव्हाच का नाही बोललास, हे मला कळत नव्हतं. मग रस्त्यात तू सांगितलंस. "चूक तू केलास. सांगायचं तूच. मी सांगितलं, तर तुझं नाव मी सांगितल्यासारखं होईल."

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते मिटायच्या आधी तू गेलास. मी रोज नवं कारण काढायचो. बाई रागावतील. माझं औषध बंद होईल. आता सगळं लिहून वर गेलं असेल. एका आकड्यानं काय होतं? तू म्हणायचास, "मला आकडा नको बे. उद्या आपल्या खात्यातला कुणी दमवाला बाईंकडे जाईल. बाई वही उघडतील. त्यांना दिसेल, मल्लेशम सहा महिने चालला आणि उतरला. त्या त्यालापण सांगतील, ताण घेऊ नका. तो घरी बसेल. तुझ्यामुळं बसेल."

यावर मी विनोद करायचो.

आणि असं असूनही, बाईंनी दुसऱ्या गटाला शिकवायला परवानगी दिली त्याच दिवशी तू वाळूची पिशवी बगलेत मारून माझ्या दारात उभा. मला जमिनीवर पाडलंस, पोटावर पिशवी टाकलीस. "फुगव. पोट फुगव, छाती नको. आता सोड. हळू. तू नाटकात मरतोस तेवढ्या हळू." रोज आलास. रोज माझ्याबरोबर चाललास, माझ्या तिसऱ्या खांबापाशी थांबलास, जिथून तू कधीच पुढे गेला होतास. मी खांबाला टेकून धापा टाकत असताना विचारायचास, "मग, कधी जायचं सांगायला?" आणि मी म्हणायचो, "श्वास तरी घेऊ दे." माझा सातवा खांब झाला तो तुझ्यामुळे. तुला मी त्याबद्दल धन्यवाद दिले नाहीत. आपल्यात कुठं कोण कुणाला देतो? आज देतो. तू इथं नाहीस म्हणून जमतंय.

तुला छातीनं नाही नेलं. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. शेवटून दुसऱ्या दिवशी मी तुझ्या उशाशी बसलो होतो. वहिनी काढा गाळायला आत गेल्या. तू डोळे मिटले होतेस. मला वाटलं झोपलास. तसाच, डोळे न उघडता विचारलंस, "जाऊन आलास?"

मी म्हणालो, "हो."

मल्लेशम, मी गेलो नव्हतो.

"बाई काय म्हणाल्या?"

मग मी ते सगळं उभं केलं. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, म्हणालो. आधी रागावल्या, मग त्यांनाच हसू आलं. वही काढली, तुझे तेरा खोडले. म्हणाल्या, बरे झाले की पाठवा त्यांना, मी स्वतः घड्याळ धरते. तू ऐकत होतास. तुझ्या तोंडावर समाधान आलं, की तू मला समाधान मिळावं म्हणून ते आणलंस, हे मला कळलं नाही. माझ्या थापा तू मैलभरावरून ओळखायचास. ती ओळखलीस का? एवढंच मला तुझ्याकडून हवंय. हो किंवा नाही. बाकी काही नको.

म्हणून आज सकाळी मी दवाखान्यात गेलो. जे सांगितलं होतं ते खरं करायला. सगळं पहिल्यापासून सांगितलं, तार, बदली, तेरा फेऱ्या. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. हसल्याही नाहीत. त्यांनी माझ्यावर विश्वासच ठेवला नाही.

"शिंदे," त्या म्हणाल्या, "तुमचा मित्र गेला. त्याच्या नावापुढे वाईट आकडा राहिलाय, तो तुम्हाला पुसायचाय. मला समजतं ते. पण तुम्ही गोष्टी रंगवून सांगता हे या सगळ्या दवाखान्याला माहितीये. एखाद्याला वाईट वाटतं म्हणून मी आकडा खोडू लागले, तर माझ्या वहीला अर्थ काय?"

तू असतास तर लोळून हसला असतास. जन्मभर थापा पचल्या आणि एक खरं बोलायला गेलो तर पचेना. मी शपथ घेतली. त्या मान हलवत राहिल्या. मी म्हणालो, "त्या मोजणाऱ्यांना विचारा." ते नेमके दवाखान्यात होते, दुसऱ्या कुणाच्या मोजणीला. बाईंनी त्यांना बोलावलं. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "वर्ष झालं हो. आणि मी चेहरे बघत नाही, पाय बघतो. फेरी चुकू नये म्हणून."

तेव्हा मी चपला काढल्या आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

डावा पाय बाहेर टाकला. हात कमरेवर. मागच्या वेळी चाल तुझी होती आणि दम माझा खरा होता. आज दम तू बरा करून ठेवलायस, तेव्हा धापही तुझी जुनी, तिसऱ्या खांबापाशी लागणारी, आठवून आणावी लागली. पहिल्या टोकाला घसा खाकरला, तळहात टेकला, वळलो. समोर बाई उभ्या होत्या. त्या सहा महिने तुला चालायला शिकवत होत्या, तुझा हा तळहात त्यांनी शंभरदा बघितला असेल. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

दुसऱ्या फेरीला मी त्यांच्याकडे बघणं सोडलं. मल्लेशम, दहा दिवसांत पहिल्यांदा तू जवळ होतास. तुझा खांदा कसा किंचित पुढे पडतो ते माझ्या खांद्याला कळत होतं. टाच टेकताना तू जो अर्धा क्षण थांबतोस, तो मला इतकी वर्षं नक्कल करून कधी नीट सापडला नव्हता. तो आज सापडला.

तिसऱ्या फेरीत मागून मिरजेकडच्या गृहस्थांचा आवाज आला, "हेच ते. भिंतीला हात लावणारे. पाय हेच होते बाई."

टेबलाचा खण उघडल्याचा आवाज झाला, पानं उलटल्याचा. मग बाई म्हणाल्या, "शिंदे, पुरे. खोडलं मी." वही मिटली त्यांनी. "त्यांच्या नावापुढे मोजणी झाली नाही असं लिहिलंय. दुसरं काही मला लिहिता येणार नाही. थांबा आता."

मी अर्ध्या व्हरांड्यात होतो. भिंत अजून पंधरा-वीस पावलं लांब होती. मला काम झाल्याचा आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण थांबलो असतो तर पुढचं पाऊल माझं पडलं असतं. म्हणून मी चालत राहिलो, डावा पाय बाहेर, कुणी मोजत नसताना. टोकाला पोचलो, तळहात भिंतीवर ठेवला आणि तसाच उभा राहिलो. मागून कुणीतरी दोनदा शिंदे म्हणून हाक मारली. मी लगेच वळलो नाही.